बियाण्याचे पडवळ

(चैत्रगौरीच्या हळदीकुंकवानिमित्त पुण्यातील एका वसाहतीत, गच्चीवर बाग फुलविणाऱ्या एका निवृत्त जीवशास्त्र शिक्षिकेने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)

उपस्थित भगिनींनो, आणि कैरीच्या डाळीच्या ओढीने का होईना, पण आवर्जून आलेल्या बंधूंनो,



समोर गौर झोपाळ्यावर बसली आहे. तिच्यापुढे भिजवलेले हरभरे आहेत, पन्ह्याचे पेले आहेत आणि मोगऱ्याचा गजरा आहे. या साऱ्या गोष्टी चैत्राच्याच आहेत. त्यातली एकही माघात मिळाली नसती आणि आषाढात तिला हा स्वाद राहिला नसता. आपल्या पूर्वजांनी सणाचे ताट त्या त्या ऋतूकडून वाढून घेतले. मला आज बोलायचे आहे ते या ताटाच्या मागे असलेल्या बागेविषयी. ती बाग एकराची नाही. ती गच्चीवरची आहे, सज्जातली आहे, खिडकीच्या जाळीतली आहे. तेवढ्या जागेतही वसंत येतो, मात्र त्याला बोलवावे लागते.

आमच्या घराची गच्ची साधारण दोनशे चौरस फुटांची. तिथे मी गेली तीसेक वर्षे फुले आणि भाज्या लावत आले. या काळात मला जे उमगले, त्यातले बरेचसे पुस्तकात होते आणि मी ते वर्गात शिकवतही होते. परंतु एक गोष्ट मात्र मी चुकून शिकले, आणि त्या चुकीची किंमत दहा वर्षे मोजली. ती गोष्ट शेवटी सांगेन.

मोगरा पौषात फुलतो

कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’चे सहा सर्ग ग्रीष्मापासून आरंभ होऊन वसंतावर संपतात. कवीने वसंत शेवटी ठेवला. बागकाम करणाऱ्यालाही तो शेवटीच मिळतो, कारण आधीच्या ऋतूंत केलेल्या कामाचे ते फळ असते.

मोगऱ्याचेच पाहा. चैत्रात रोपवाटिकेतून कळ्यांनी लगडलेली कुंडी आपण हौसेने आणतो. ती दोन आठवडे फुलते आणि पुढच्या वर्षी नुसती पाने दाखवते. मग आपण म्हणतो, ‘आमच्याकडे मोगरा होत नाही.’ वस्तुतः मोगऱ्याचे काम पौष सरता सरता, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस करायचे असते. आठ-दहा दिवस पाणी अगदी कमी करावे, जुन्या फांद्या छाटाव्यात, उरलेली पाने खुडावीत, वरची माती उकरून मुळांना थोडे ऊन दाखवावे आणि मग चांगले कुजलेले शेणखत घालून भरपूर पाणी द्यावे. फाल्गुनात नवी पालवी फुटते आणि तिच्या टोकांना कळ्या येतात, कारण मोगरा नव्या फुटीवरच फुलतो. त्याला दिवसाकाठी पाच-सहा तास कडक ऊन लागते. सावलीतल्या मोगऱ्याला कितीही खत घाला, तो पानेच देईल.

बोगनवेलीचेही तसेच. तिला पाण्याचे लाड सोसत नाहीत. पाणी थोडे कमी मिळाले की ती रंगांनी न्हाऊन निघते. कलमी सोनचाफा मोठ्या कुंडीत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून फुले देऊ लागतो. अनंत वैशाखाच्या सुमारास उमलतो, त्याला मात्र मुळाशी ओल लागते. गुलबक्षी कुणी लावली नाही तरी कोपऱ्यात उगवते आणि संध्याकाळी चारच्या पुढे उमलते. जुन्या घरांत दिवेलागणीची चाहूल ती देत असे.

एवढे सांगण्याचे कारण असे, की प्रत्येक झाडाची मागणी वेगळी असते. सगळ्या कुंड्यांना एकच तांब्या पाणी घालणारा माणूस निष्पक्षपाती असेल, पण तो माळी नव्हे.

उन्हाळ्याची भाजी

वसंतात फुले सोपी, भाजी अवघड. उन्हे तापू लागलेली असतात आणि पाणी जपून वापरायचे असते. तरीही काही भाज्यांना ही उष्णता मानवते. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारले, दुधी आणि पडवळ यांची लागवड माघ-फाल्गुनात करावी, म्हणजे चैत्र-वैशाखात पीक हाती येते. पालेभाज्यांत तांबडा माठ आणि अंबाडी उन्हात तग धरतात. मेथी आणि पालक मात्र या दिवसांत लवकर तुऱ्यावर येतात, त्यांचा आग्रह धरू नये. घोळ तर कुंडीत आपली आपणच उगवते. आपण तिला तण म्हणून उपटतो आणि संध्याकाळी बाजारातून तीच जुडी पैसे देऊन आणतो!

मातीविषयी दोन शब्द. गच्चीवर नुसती माती भरू नये. ती जड होते, घट्ट बसते आणि स्लॅबवर भार टाकते. एक भाग माती, एक भाग कुजलेले खत आणि एक भाग सुका पालापाचोळा किंवा नारळाचा भुसा, असे मिश्रण हलकेही राहते आणि ओलही धरते. कुंड्या विटांवर ठेवाव्यात, म्हणजे खाली पाणी साचत नाही आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी संबंध चांगले राहतात. हे मी अनुभवाने सांगते आहे.

कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक होते. ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून त्यांनी सामान्य शेतकऱ्यांना स्वतः प्रयोग करायला प्रवृत्त केले. त्यांचा विचार गणिती माणसाचा होता. सूर्यप्रकाश हे आपले खरे भांडवल, तो फुकट मिळतो, आणि तो साठवणारे यंत्र म्हणजे हिरवे पान. पडलेले प्रत्येक पान ही साठवलेल्या उन्हाची ठेव आहे. आपण रोज सकाळी ही ठेव झाडून कचऱ्याच्या गाडीत टाकतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे पेटवून देतो. आमच्या इमारतीच्या आवारातला पाला मी गेली कित्येक वर्षे पोत्यांत भरून वर नेते. तो कुंड्यांत चार बोटे जाडीचा पसरला की उन्हाळ्यात निम्म्या पाण्यात काम भागते. तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी त्यावर घालावे, आणि तेही उन्हे कलल्यावर. या गोष्टी करायला पैसे लागत नाहीत, फक्त रोजचे लक्ष लागते.

पाहुणे आल्यावाचून फळ नाही

आता मी ज्या तक्रारीची वाट पाहत होते, तिच्याकडे वळते. मघाशी पन्हे घेताना दोघी-तिघींनी मला विचारलेच : ‘आमच्या दोडक्याला फुले खूप येतात, पण फळच धरत नाही. इवलेसे दोडके पिवळे पडते आणि गळते.’

भगिनींनो, वेलवर्गातल्या या भाज्यांमध्ये नर फुले आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे चिमुकले फळ आधीच दिसते, नर फुलाला नुसता देठ असतो. आरंभी बहुधा नर फुलेच येतात, त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस धीर धरावा. पुढे मादी फुले येऊनही फळ गळत असेल, तर परागकण त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नाहीत असे समजावे. हे काम कीटकांचे आहे आणि सिमेंटच्या चौथ्या मजल्यावर कीटकांनी यावे, असे आपण काय ठेवले आहे?

प्रत्येक वेलीची वेळही वेगळी. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढले की मिटते. काकडी आणि कारले सकाळी उमलतात. दोडका उन्हे कलल्यावर उमलतो. दुधी आणि पडवळ यांची फुले पांढरी, ती संध्याकाळी उमलतात आणि त्यांच्याकडे रात्रीचे पतंग येतात. सकाळच्या फुलांवर सातेरी, फुलोरी आणि पोयाच्या इवल्या मधमाश्या येतात. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. या शहराला मधमाशीचे महत्त्व कुणी नव्याने सांगावे असे नाही, पण गच्चीत मधमाशी दिसली की आपला हात आधी झाडूकडे जातो, हेही खरे.

इथे फुलबाग आणि भाजीबाग एकमेकींच्या मदतीला येतात. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नयेत, दोन झाडांवरच्या राहू द्याव्यात. कोथिंबीर आणि शेपू यांची एकेक जुडी न तोडता फुलावर जाऊ द्यावी. एखादा मुळा जमिनीतच ठेवावा. सब्जा लावावा. मधमाश्या त्यांच्यासाठी येतात आणि जाता जाता काकडीवरही बसतात. रात्री फुलणाऱ्या पांढऱ्या सुवासिक फुलांकडे पतंग ओढले जातात, म्हणून माझ्या पडवळाच्या मांडवाशेजारी मोगऱ्याच्या आणि रातराणीच्या कुंड्या आहेत. एवढे करूनही पाहुणे आले नाहीत, तर नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला हलकेच लावावेत. पडवळासाठी हे काम संध्याकाळी विजेरी घेऊन करावे लागते. आमचे शेजारी पूर्वी विचारीत, ‘बाई, काही हरवले आहे का?’ आता तेच विजेरी धरायला येतात.

आणि एक विनंती. फुलांवर औषध फवारू नका. निंबोळीचा अर्कदेखील पानांच्या खालच्या बाजूला द्यावा, फुलांवर नव्हे. फळमाशीचा उपद्रव असेल तर कोवळ्या फळाला जुन्या कापडाची किंवा वर्तमानपत्राची पिशवी बांधावी. औषधापेक्षा ती अधिक उपयोगी पडते.

लाल दोऱ्याची गोष्ट

मी पडवळाचा वारंवार उल्लेख करते आहे, याचे कारण आता सांगते.

माझ्या सासूबाई गुहागर तालुक्यातल्या. आम्ही सगळे त्यांना माई म्हणत असू. गावचे घर बंद करून त्या आमच्याकडे पुण्याला आल्या, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत दोन लुगडी कमी आणि बियाण्यांच्या पुरचुंड्या जास्त होत्या. त्यांत एक पडवळ होते. पोपटी अंगावर पांढरे पट्टे आणि लांबी जवळजवळ माझ्या कमरेएवढी. ते वाकडे होऊ नये म्हणून माई टोकाला दोऱ्याने छोटा दगड बांधत. त्या पडवळाची डाळ घालून केलेली भाजी मी पुन्हा कुठे खाल्लेली नाही.

दरवर्षी माई वेलीवरचे एक फळ निवडीत आणि त्याच्या देठाला लाल दोरा बांधीत. ‘हे बियाण्याचं,’ एवढेच म्हणत. ते फळ पहिले नसे आणि शेवटचेही नसे, वेल भर जोमात असताना आलेले, सरळ आणि निरोगी असे. मग घरात भाजी असो वा नसो, त्या फळाला कुणी हात लावायचा नाही.

2006 सालच्या चैत्रात एके संध्याकाळी अचानक चार पाहुणे आले. माई आजारी होत्या, मी शाळेतून थकून आलेले, घरात भाजी नव्हती. वेलीवर एकच पडवळ कोवळे होते, परवाच दोरा बांधलेले. मी विचार केला, पुढे आणखी येतील, त्यांतले एक ठेवू. विळीवर फळ चिरून झाले, तेव्हा दोरा देठासकट ताटलीत पडलेला दिसला. माईंनीही तो पाहिला. मला वाटले, रागावतील. त्या म्हणाल्या, ‘कापलंस होय? बरं केलंस. दारी आलेल्याला जेवू घालायलाच हवं.’

त्यानंतर वेलीवर फळमाशी पडली आणि ठेवण्याजोगे एकही फळ आले नाही. पुरचुंडीत जुने चार दाणे होते, ते पुढच्या वर्षी रुजले नाहीत. 2007 च्या पावसाळ्यात माई गेल्या.

मी दुकानातून पाकीट आणले. पडवळे आली, भरपूर आली, आखूड आणि पांढरी. त्यांत वाईट काही नव्हते. त्यांतले एक फळ मी दोरा बांधून राखले आणि पुढल्या वर्षी पेरले, तर एका वेलीला एक तऱ्हा, दुसरीला दुसरी, तिसरीला फळच नाही. मी जीवशास्त्र शिकवणारी बाई! 1866 साली मेंडेलने वाटाण्यांवरचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला, तो मी वर्षानुवर्षे फळ्यावर आकृत्या काढून शिकवला. संकरित वाणाची पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार असते, दुसऱ्या पिढीत तिचे गुण विखुरतात, हे मुलांकडून घोकून घेतले. आणि तरीही लाल दोऱ्याचा अर्थ मला ताटलीतला दोरा पाहिल्यावर कळला.

संकरित बियाण्याला मी नावे ठेवत नाही. ज्याला पोट भरण्यासाठी शेती करायची आहे, त्याचा हिशेब माझ्या गच्चीवरून मांडता येणार नाही. परंतु ते बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, आणि ज्या घरात सगळेच बियाणे विकतचे होते, त्या घरातला जुना वाण कुणी न मारताही मरतो. त्यासाठी दुष्काळ लागत नाही. एका संध्याकाळची घाई पुरते.

ओटीतले बी

2016 साली एका लग्नासाठी आम्ही गावी गेलो. शेजारच्या वाडीतल्या एका काकूंच्या अंगणात मांडवावर पडवळे लोंबत होती. पोपटी अंग, पांढरे पट्टे आणि टोकाला बांधलेले दगड. मी तिथेच थबकले. काकू म्हणाल्या, ‘वहिनी, ओळखलंत ना? तुमच्याच घरचं आहे हे. माझी लग्नानंतरची पहिली चैत्रगौर. तुमच्या सासूबाईंनी ओटीत घातलं होतं हे बी.’

तेव्हा मला उलगडले, की माई दरवर्षी हळदीकुंकवाला हरभऱ्यांबरोबर बियांची पुडी का देत. मी ती हौस समजत असे. फळ राखणे हा त्यांच्या कामाचा अर्धा भाग होता. उरलेला अर्धा होता वाटणे. माझ्या चुकीमुळे आमच्या घरातून जे गेले, ते त्यांच्या वाटण्यामुळे दुसऱ्या अंगणात जिवंत राहिले. काकूंनी मला अकरा बिया दिल्या. त्यांतल्या सात रुजल्या.

राहीबाई पोपेरे यांचे नाव आपण ऐकले असेल. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या या शेतकरी भगिनी. शाळेत गेल्या नाहीत, पण गावोगावच्या भाज्यांचे आणि धान्यांचे जुने वाण त्यांनी जमवले, जपले आणि वाटले. 2020 साली त्यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला. 2001 साली संसदेने केलेल्या पीक वाण संरक्षणाच्या कायद्याने शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाण करण्याचा हक्क मान्य केला आहे. हक्क कायद्यात सुरक्षित आहे. पण राहीबाईंसारखे कुणी देठाला दोरा बांधला नाही, तर त्या हक्काने पेरायचे काय?

म्हणून थोडी कृती सांगते आणि थांबते. एका मांडवावर एका भाजीचा एकच वाण ठेवावा, नाहीतर पराग मिसळतात. बियाण्याचे फळ वेलीवर पूर्ण पिकू द्यावे. पडवळ नारिंगी-लाल होऊन मऊ पडते, कारले पिवळे-केशरी होऊन उकलते, भेंडी वाळून तडकते, दुधीचे कवच इतके कठीण होते की हलवल्यावर आत बिया वाजतात. गर धुऊन बिया सावलीत चांगल्या वाळवाव्यात, गोवरीची कोरडी राख चोळावी, कागदाच्या पुडीत बांधून काचेच्या बरणीत ठेवाव्यात. पुडीवर नाव आणि साल लिहावे. माईंना आठवणीने चालत असे, आपल्याला लिहावेच लागेल. पेरण्यापूर्वी बी रात्रभर पाण्यात भिजवावे. पडवळ रुजायला वेळ घेते, चार दिवसांत उकरून पाहू नये.

एवढ्या सगळ्या कामांतून मला दिसते ते असे : मोगऱ्याची पाने आपण खुडतो, पाला वेचतो, भाजी तोडतो, पण बाग पुढच्या वर्षी उभी राहते ती न तोडलेल्या वस्तूंवर. न खुडलेली मंजिरी मधमाशीसाठी, फुलावर जाऊ दिलेली कोथिंबीर कीटकांसाठी, दोरा बांधलेले फळ पुढच्या चैत्रासाठी. जेवणापूर्वी काकबळी काढून ठेवणारे आपण लोक आहोत. वाटा बाजूला काढणे आपल्याला नवीन नाही. बागेतही तो काढावा, एवढेच माझे मागणे आहे.

निघताना दाराशी एक टोपली आहे. तीत हरभऱ्यांच्या द्रोणाबरोबर प्रत्येकीसाठी एक पुडी ठेवली आहे. तिच्यात पडवळाच्या पाच बिया आहेत आणि लाल दोऱ्याचा एक तुकडा. पेरणी या पावसाच्या आरंभी करा, किंवा येत्या माघात. बियांचे मोल काही नाही, पण एक अट आहे. पुढल्या चैत्रगौरीला पाच बिया घेऊन या, मला देण्यासाठी नव्हे, शेजारी बसलेल्या बाईच्या ओटीत घालण्यासाठी. माझी वेल एखाद्या वर्षी गेलीच, तर कुणाचे दार ठोठवायचे, हे मला ठाऊक असावे.